विंधन विहिरींचा परवाना आणि आपला जिल्हा

जमिनीच्या पोटांतून खनिज तेल काढावयाचें तर १९४८ च्या कायद्याखालीं सरकारी परवाना लागतो. ज्याची जमीन त्याचें तेल, हा न्याय तेथें चालत नाहीं. पाण्याची गोष्ट निराळी. आपल्या जमिनीखालीं झिरपणारें पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें मान्य केला. परंतु खडकांतील भेगांस सात-बाराची हद्द ठाऊक नसते, ही खरी अडचण आहे.

नाशिक जिल्ह्याचा खडक म्हणजे काळा पाषाण. वरच्या मुरमांत व त्याखालील भेगांत पाणी सांठतें. खालच्या अखंड पाषाणांत तें फारसें नसतें. इगतपुरीकडे पाऊस विपुल, तर सिन्नर, येवले, चांदवड या बाजूस तुटपुंजा. तेथें एकानें खोल विंधन विहीर घेतली कीं पुष्कळदां शेजाऱ्याच्या विहिरीचेंच पाणी तींत उतरतें. मग शेजारीहि बोअरची गाडी बोलावितो. पाणी तेवढेंच राहतें; कर्ज मात्र दोघांच्या माथीं बसतें.

या चढाओढीस आळा घालण्याचा पहिला यत्न १९९३ च्या राज्य कायद्यानें केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंत, त्याच पाणलोटांत, परवानगीवांचून विहीर घेण्यास त्यानें मनाई केली. पुढें २००९ चा भूजल अधिनियम २०१४ सालीं अंमलांत आला. अधिसूचित क्षेत्रांत शेती वा कारखान्याकरितां ६० मीटर, म्हणजे सुमारें २०० फूट, वा त्याहून खोल विहीर घेण्यास त्यांत बंदी असून विहिरींची व विंधन यंत्रांच्या मालकांची नोंदणीहि सांगितली आहे.

द्राक्षबाग वाळूं लागली असतां कागदाची वाट कोणी पाहावी, असा प्रश्न बागाईतदार करितात. तो रास्त आहे. म्हणून अर्जाचा निकाल अधिकाऱ्यांनीं ठराविक मुदतींत द्यावा, असें आमचें मत आहे. परंतु ज्याची विहीर आज भरलेली आहे, त्याचें रक्षण याच निर्बंधानें होतें, हेंहि विसरतां कामा नये.

अधिसूचित क्षेत्राबाहेर तर शेतकऱ्याचा विवेक हाच मुख्य आधार. प्रत्येक गांवानें दिवाळींत व वैशाखांत आपल्या विहिरींची पातळी मोजून वहींत लिहावी, आणि नवें छिद्र घेण्यापूर्वीं भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याचें पाणी ओढून पिकविलेली बाग फार काळ टिकत नाहीं. कारण उद्यां त्याचीच बोअर आपल्याहून खोल जाते.