माशासाठी भरलेली राजसभा

जुव्हेनलचे चौथे उपरोधकाव्य मी प्रथम वाचले तेव्हा ती मला एका माशाची गंमत वाटली होती. अँकोनाजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात टर्बट जातीचा प्रचंड चपटा मासा सापडतो. असा मासा स्वतःकडे ठेवणे धोक्याचे, म्हणून कोळी तो आल्बा येथे सम्राट डोमिशियनला नेऊन देतो. पण एवढा मासा मावेल असे भांडेच नाही! मग तातडीने सल्लागारांची सभा बोलावली जाते. मोठमोठे सरदार धापा टाकत येतात. काटुलस हा आंधळा दरबारी माशाची तोंडभर स्तुती करतो, फक्त डावीकडे तोंड करून. मासा असतो उजवीकडे. अखेर नवे भांडे घडवण्याचा ठराव होतो आणि सभा संपते.

या गमतीखाली काय दडले आहे, हे मला पुढे एका टीपेमुळे कळले. इ.स. १४८६ मध्ये जॉर्जो व्हाल्ला याने जुव्हेनलची टीकेसह आवृत्ती छापली. तिच्यात एका जुन्या भाष्याच्या आधारे चार ओळी उद्धृत केल्या आहेत. त्या स्टेशियस या दरबारी कवीच्या, डोमिशियनच्या जर्मन युद्धावरील काव्यातल्या आहेत. ते काव्य नष्ट झाले. उरल्या एवढ्याच ओळी. त्यांत क्रिस्पस, व्हेयेंतो आणि आसिलियस यांची गौरवाने नावे येतात. हेच तिघे जुव्हेनलच्या माशाच्या सभेत बसलेले आहेत. म्हणजे मूळ काव्य बुडाले आणि त्याचा तुकडा वाचला तो विडंबनाच्या टीपेत.

सभेचे हे दृश्य स्टेशियसचेही नव्हते. देवांची सभा ही महाकाव्याची होमरपासूनची ठेव. एन्नियसने ती लॅटिनमध्ये आणली. त्याच्या काव्यात देव रोम्युलसला देवत्व देण्याचा विचार करतात. त्यानंतर इ.स.पू. दुसऱ्या शतकात लुसिलियसने, ज्याला रोमन उपरोधकाव्याचा जनक मानतात, तीच सभा भरवली. विषय मात्र लूपस नावाच्या एका बड्या राजकारण्याच्या मरणाचा. वृत्तही महाकाव्याचेच, सहा गणांचे हेक्झामीटर. पुढे होरेस, पर्सियस आणि जुव्हेनल यांनी उपरोधासाठी हेच वृत्त चालवले. ओळ कानावर पडताच श्रोत्याला वीरकथेची चाहूल लागे आणि मग समोर यायचा मासा. गंमत अशी की भाष्यकार सर्व्हियस सांगतो, व्हर्जिलने ‘ईनिड’च्या दहाव्या सर्गातली देवसभा लुसिलियसवरून घेतली. महाकाव्यानेही विडंबनाकडून उसने घेतले.

मग याला चोरी म्हणायचे का? थोरल्या सेनेकाने एक आठवण नोंदवली आहे. ओव्हिडने व्हर्जिलचे शब्द घेतले ते चोरण्यासाठी नव्हे, उघडपणे उसने म्हणून, लोकांनी ते ओळखावेत या इच्छेने. मला हा भेद निर्णायक वाटतो. चोराला वाटते, कुणी ओळखू नये. विडंबनकाराला वाटते, ओळखलेच पाहिजे. नाहीतर त्याचा बाण फुकट जातो.

धाकट्या सेनेकाच्या नावावर असलेल्या ‘अपोकोलोसिंटोसिस’मध्ये हे स्पष्ट दिसते. इ.स. ५४ मध्ये सम्राट क्लॉडियस मेला आणि त्याला देव ठरवण्यात आले. सेनेकाच्या कथेत तो स्वर्गाच्या दारी येतो, तिथे देवांची सभा रोमच्या सिनेटच्या रीतीने चालते. त्याला देव करावे आणि ही नोंद ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ला जोडावी, अशी सूचनाही येते. त्याआधी हर्क्युलिस त्याला होमरच्या ओळीत प्रश्न विचारतो. क्लॉडियस ‘ओडिसी’तल्या एका ओळीने उत्तर देतो: वाऱ्याने आपल्याला ट्रॉयहून कुठे नेले, याबद्दलची ओळ. निवेदक हळूच म्हणतो की होमरची त्यापुढचीच ओळ अधिक खरी ठरली असती. ती नगर लुटून माणसे मारल्याची आहे. निवेदक ती उद्धृतही करतो. होमर पाठ असलेला वाचक ती लगेच ओळखतो आणि आरोप त्याच्याच मनात उमटतो.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टॅसिटस लिहितो की क्लॉडियसच्या अंत्यविधीत नीरोने वाचलेले स्तुतिपर भाषण सेनेकानेच लिहून दिले होते. जुव्हेनलचे काव्यही डोमिशियनच्या खुनानंतरचे, म्हणजे इ.स. ९६ नंतरचे. जुलमी राजा जिवंत असताना स्टेशियस स्तुती करत होता. तो मेल्यावर जुव्हेनल हसला. तेव्हा विडंबनाला सरसकट शौर्य म्हणायला मी धजत नाही.

तरीही त्याचे एक काम उरतेच. स्टेशियसच्या ओळींत ते तिघे मुत्सद्दी होते. जुव्हेनलने त्यांना त्याच थाटात बसवले, फक्त सभेपुढचा विषय बदलला. तेवढ्याने थाट हा थाट राहिला नाही, भीती उघडी पडली. काव्याच्या शेवटी हसू थांबते. जुव्हेनल म्हणतो, डोमिशियनने आपला सगळा काळ असल्या क्षुल्लक गोष्टींतच घालवला असता तर बरे झाले असते. निदान रोमची नामवंत माणसे वाचली असती. हे वाचून मी पुन्हा सभेच्या दृश्याकडे आलो. भांड्यावर गंभीरपणे मत देणारी ती माणसे या वेळी मला हास्यास्पद वाटली नाहीत. आपला जीव वाचवत बसलेली वाटली.