दुबईचे पाणी आणि डोक्याचे केस

दुबई-अबूधाबीला मुला-नातवंडांकडे राहून आलेली आपली वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, तिथल्या पाण्याने केस गेले. तिथले पाणी समुद्राचे, क्षार काढलेले. पण इस्रायलातही आपण बरेचसे तसलेच पितो की! टाळूची आग होते, खपल्या धरतात, पू येतो, तेव्हा पाण्याला दोष देत खोबरेल चोळत बसू नये. काही प्रकारच्या सुजेत केसाचे मूळच मरते. तो केस परत येत नाही. वेळेवर औषध घेतले तर उरलेले वाचू शकतात.

पाळी गेलेल्या बायकांत कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते, भुवया विरळ होतात. हा आजार १९९४ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कोसार्ड यांनी प्रथम नोंदवला. आम्ही त्याला वय समजत होतो. डोक्याला रुमाल, बघतो कोण?

केशरोपणाच्या जाहिराती तिथे पुष्कळ. सूज चालू असताना रोपण नको. आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. त्याचा परवाना दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटीचा, अबूधाबीत डिपार्टमेंट ऑफ हेल्थचा. डॉक्टरचे नाव नातवाकडून तिथे तपासून घ्यावे. जाताना डोक्याला तेल नको, चालू गोळ्यांची यादी बरोबर असावी. डॉक्टरने मसुरीएवढा टाळूचा तुकडा तपासायला मागितला तर घाबरू नये. जागा बधिर करूनच घेतात.