आधी औषधांची पिशवी, मग लाडवांचा डबा

मुलगा अमेरिकेत, मुलगी दुबईत, अशी घरे आता तालुक्याच्या गावीही आढळतात. साठी ओलांडलेले आई-वडील मुलांकडे जायला निघतात, तेव्हा अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. पंधरा दिवस आधीपासून मसाले, पापड, लोणची आणि नातवंडांचे कपडे यांची तयारी चालते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र आदल्या रात्री आठवतात व मोठ्या बॅगेच्या कोपऱ्यात कोंबल्या जातात. ही बॅग विमानतळावर एकदा आपल्या हातातून गेली की मुक्कामी पोहोचल्यावरच परत मिळते. तिला दोन दिवस उशीर झाला तर साडीवाचून अडत नाही, गोळीवाचून अडते.

औषधे हातातल्याच पिशवीत

सर्व औषधे जवळच्या पिशवीत ठेवावीत. जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांची आणि वर आठ-दहा दिवसांची जास्त घ्यावीत. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नयेत. मूळ पाकिटातच राहू द्याव्यात. आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत टाईप केलेले पत्र घ्यावे. त्यात आजार, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असावी. आपल्याकडचे कंपनीचे नाव परदेशातल्या डॉक्टरला ठाऊक असेलच असे नाही.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थंड पिशवीत ठेवताना ते बर्फाला थेट टेकू देऊ नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात द्रवपदार्थाची बाटली साधारणपणे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. प्रवासात लागणाऱ्या औषधांना यातून सूट असते, मात्र ती तपासणीच्या वेळी आपणहून दाखवावीत. तेव्हाही डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. मोबाईलची पॉवर बँकही हातातल्याच पिशवीत हवी.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी जास्त दक्षता घ्यावी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. आपली खसखससुद्धा तिथे निषिद्ध आहे. त्यामुळे लेकीसाठी प्रेमाने केलेले अनारसे घरीच ठेवावे लागतात. चिठ्ठी न लावलेल्या चूर्णाच्या पुड्याही नेऊ नयेत.

बॅग किती जड?

किती वजन चालते हे तिकिटावर लिहिलेले असते. बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवून पाहावी. एक अवजड बॅग नेण्यापेक्षा परवानगी असल्यास दोन हलक्या न्याव्यात. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग ओढून काढताना कमरेत उसण भरते, हर्नियाचे दुखणे वाढते. अशा वेळी संकोच न करता शेजारच्या तरुणाची मदत मागावी.

विमानातली हवा

विमानाच्या आतला हवेचा दाब जमिनीवर असतो तितका नसतो. तो सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे आपण कित्येक तास कळसूबाईहूनही उंच जागी बसलेले असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पण ज्यांना चार पायऱ्या चढताच धाप लागते, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे किंवा पोटाची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले आहेत, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू भरला असेल, तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य समजावा. वर गेल्यावर हा वायू प्रसरण पावतो आणि दृष्टी जाऊ शकते.

विमान उतरू लागले की कानात दडे बसतात. त्या वेळी झोपून राहू नये. खडीसाखर चघळावी, आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे. सर्दीने नाक पूर्ण चोंदले असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे.

पायांकडे लक्ष द्या

तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केले. निरोगी माणसात तो मुळात कमी, सुमारे सहा हजारांत एक इतका असतो. मात्र पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांना तो अधिक असतो. बस, रेल्वे, मोटार यांनाही हेच लागू आहे. सोलापूरहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. तिथवर मोटारीत बसायचे, मग विमानतळावर तीन तास आणि पुढे लंडनपर्यंत नऊ-दहा तास. म्हणून पायांची काळजी घराच्या उंबऱ्यापासूनच घ्यावी. वाटेत दर दोन तासांनी उतरून चालावे. विमानात घोटे फिरवावेत, टाचा वर-खाली कराव्यात, अधूनमधून फेरी मारावी.

शौचालयात जावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ पाणी पिणे सोडतात आणि लघवीची गोळीही टाळतात. दोन्ही घातक आहे. आतल्या मार्गिकेलगतची जागा मागून घ्यावी आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. झोपेची गोळी घेऊ नये.

अमेरिकेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना तो आखूड होतो. अशा वेळी इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, याचा कागद डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. बिस्किटे आणि साखर खिशात असावी.

विमानतळावर

चाकाची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल तर तिकीट काढतानाच तिची नोंद करावी. निदान ४८ तास आधी तरी कळवावे. आपल्याकडे तिकिटाशिवाय आत प्रवेश मिळत नाही. पोहोचवायला आलेला मुलगा दारातच थांबतो. तेव्हा कागदपत्रे आणि औषधांची पिशवी ज्याची त्याच्याच खांद्यावर हवी.

गाडी दारासमोर फार वेळ उभी करता येत नाही. घाईघाईत सामान उतरवताना नेमकी औषधांची पिशवी मागच्या सीटवर राहते. मुंबईत सहारच्या टर्मिनल २ला बहुमजली वाहनतळ आहे. थोडे पैसे पडले तरी गाडी तिथे लावून शांतपणे सामान मोजून घ्यावे.

शेवटी गाडी चालवणाऱ्याविषयी. परदेशी जाणारी बरीच विमाने रात्री-पहाटे सुटतात. आई-वडिलांना निरोप देऊन तो त्याच रात्री जागरणाच्या डोळ्यांनी परत निघतो. सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो. त्याने काही तास झोप घेऊन, सकाळी निघावे. आकाशातला प्रवास सुखाचा व्हावा म्हणून आपण एवढे जपतो. जमिनीवरचा परतीचा प्रवासही तितकाच जपायला हवा.