मेणबत्ती, चमचा आणि मूत्रपिंड

‘क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, तरी डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला का सांगितलं?’ मधुमेह असलेल्या अनेकांना पडणारा हा प्रश्न.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या, असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, म्हणजे ग्लोमेरुलस. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव इथून गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा शरीर परत घेतं! मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आपल्याच अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती यांमुळे काही गुंते निकामी झाले, की उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. त्यामुळे बरेचदा जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन मात्र त्याआधीच लघवीत झिरपू लागलेलं असू शकतं.

ही गळती पकडायला एकेकाळी मेणबत्ती पुरत असे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन ज्योतीवर तापवत. अल्ब्युमिन असेल तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ढगाळ साका धरे. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली सापडत. सूज, अल्ब्युमिन आणि मूत्रपिंड यांची सांगड घालणारं त्यांचं पुस्तक १८२७ साली निघालं आणि पुढे शंभर वर्षं हा आजार ‘ब्राइट्स डिसीज’ म्हणूनच ओळखला गेला.

पण यातलं रसायनशास्त्र जॉन बोस्टॉक यांचं. लिव्हरपूलची डॉक्टरकी सोडून लंडनला आलेला हा माणूस. लघवीत अल्ब्युमिन जातं तेव्हा रक्तातलं कमी होतं आणि लघवीवाटे जायला हवा तो युरियासारखा पदार्थ रक्तात साचतो, हे त्यांच्या तपासण्यांतून पुढे आलं. मूत्रपिंड निकामी होणं म्हणजे काय, याचं हे पहिल्या काही रासायनिक वर्णनांपैकी एक. ब्राइट यांनी त्यांचं ऋण मोकळेपणी मान्य केलं, पण आजाराच्या नावात बोस्टॉक नाहीत. त्यांची आठवण निघालीच तर ‘हे फीवर’ या ॲलर्जीच्या वर्णनासाठी निघते. मला हा अन्याय वाटतो.

लघवीत अल्ब्युमिन सापडलं तरी ते का जातंय, हे कळायला कित्येकदा बायोप्सी लागते. पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल अँग्ले यांनी १९६८ साली बायोप्सीच्या तुकड्यांत ‘आयजीए’ प्रतिपिंडांचे थर दाखवले, तेव्हा एक वेगळाच आजार उजेडात आला. प्रकार बदलला की औषधही बदलतं. म्हणूनच ‘किडनी साफ’ करण्याच्या नावाखाली विकले जाणारे काढे पाहून चीड येते. ग्लोमेरुलसमध्ये धुऊन काढण्याजोगा मळ नसतोच. उलट पारा असलेली काही पारंपरिक औषधं आणि गोरेपणाची क्रीम यांमुळेच ही गळती सुरू झाल्याचं केरळ व तमिळनाडूतल्या डॉक्टरांनी अलीकडे नोंदवलं आहे. ती वापरणं थांबवल्यावर त्यांतल्या अनेक रुग्णांची गळती आटोक्यात आली.