पिकअपवरचं पॉप-अप घर आणि किलोंचा हिशोब



वजन, घनता, विद्युतऊर्जा हे पाठ सुरू असले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, याचा पुढे उपयोग काय?" आज उत्तर देण्यासाठी आपण अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटात जाऊ या. तिथे काही लोक पिकअप ट्रकच्या पाठीवर छोटंसं घर चढवून चार-चार दिवस कच्च्या रस्त्यांनी फिरतात. ते घर कसं भरायचं, हा प्रश्न जवळजवळ पूर्णपणे आपल्या शाळेतल्या गणित-विज्ञानानेच सुटतो.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे काय?

पिकअपच्या मागे सामान ठेवायचा जो उघडा हौदा असतो, त्यात बसणारी ही एक खोली. तिचं छप्पर वर-खाली होतं. गाडी चालताना छप्पर खाली बसवून कड्या लावायच्या. मुक्कामी पोचलो की छप्पर वर उचलायचं. बाजूंना जाड कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस सरळ उभा राहू शकतो. झोपायची जागा ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेल्या भागात असते.

छप्पर खाली असल्यामुळे तीन फायदे होतात. वारा कमी अडतो, झाडाच्या फांद्या लागत नाहीत आणि गुरुत्वमध्य खाली राहतो. तोटाही आहे. कापडाच्या भिंती थंडी नीट अडवत नाहीत, आणि छपरावर ठेवलेला प्रत्येक किलो रोज उचलावा लागतो.

सगळ्यात आधी दाराचं स्टिकर वाचा

नवखे लोक आधी फ्रीज, शेगडी, बॅटरी यांची यादी करतात. जाणकार माणूस आधी ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये तिथल्या खांबावर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. त्याला पेलोड म्हणतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा पेलोडही वेगळा असू शकतो, म्हणून जाहिरातीतला आकडा धरायचा नाही.

आता एक प्रत्यक्ष सहल धरू. युटातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात व्हाइट रिम नावाचा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी तो बनवला गेला. चारचाकी गाडीला साधारण दोन-तीन दिवस लागतात, आणि वाटेत पिण्याचं पाणी कुठेही मिळत नाही. दोन माणसं, तीन दिवस. पिण्यासाठी माणशी रोज ४ लिटर, म्हणजे २४ लिटर. स्वयंपाक आणि धुण्यासाठी १५, गाडी अडकली तर राखीव ११. एकूण ५० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्हाला पाठच आहे.

उदाहरणासाठी स्टिकरवर ७२५ किलो लिहिलंय असं समजा. आता वजा करत चला :

- दोन माणसं १४० किलो : उरले ५८५
- कपाटं, शेगडी, सिंक बसवलेला कॅम्पर ४८० किलो : उरले १०५
- पाणी ५० किलो : उरले ५५
- लिथियम बॅटरी १२ किलो : उरले ४३
- सोलर पॅनल १० किलो : उरले ३३
- भरलेला गॅस सिलिंडर १० किलो : उरले २३
- फ्रीज २० किलो : उरले ३

तीन किलो! अजून जेवणाचं सामान, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, हत्यारं काहीच ठेवलेलं नाही.

इथे बरेच जण म्हणतात, "थोडं जास्त झालं तर काय होतंय?" होतं असं की टायर तापतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि दगडांवर आदळून स्प्रिंग किंवा चॅसीला तडा जातो. व्हाइट रिमवर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी असलेले उतार आहेत. काही जण मागे जादा एअरबॅग बसवतात. त्याने मागून दबलेली गाडी सरळ दिसते खरी, पण पेलोड एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक आणि अॅक्सल तेच राहतात.

मग उपाय? आत काहीच न बसवलेला, नुसत्या कवचाचा कॅम्पर घ्यायचा. तो साधारण ३९० किलोचा धरला तर ९० किलो वाचले, म्हणजे हातात ९३ आले. हलक्या प्लायवूडचं कपाट आणि सुटी शेगडी २५ किलो. जेवणाचं सामान १५, कपडे-अंथरूण १५, भांडी ८, हत्यारं, फावडं, हवा भरायचा पंप, प्रथमोपचार पेटी मिळून २०. एकूण ८३. उरले १०. आता जमलं. निघण्यापूर्वी सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्यायची. आपल्याकडे उसाचे ट्रक काट्यावर चढतात तसंच. अंदाज हा नेहमी कमीच धरला जातो. काटा खोटं बोलत नाही.

वजन कुठे ठेवायचं?

हे बैलगाडी हाकणाऱ्या आजोबांना विचारा. माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं, गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो, गाडी धुरजड होते. पिकअपचंही तसंच. मागच्या अॅक्सलच्या मागे वजन गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या अॅक्सलच्या पुढे आणि जमिनीलगत ठेवतात. हलकं सामान वर, जड खाली. कॅम्पर सरकू नये म्हणून खाली रबरी चटई अंथरतात आणि चारही कोपऱ्यांना पिळाच्या कड्यांनी तो हौद्याला आवळून बांधतात. खडबडीत रस्त्यावर या कड्या सैल पडतात, म्हणून रोज सकाळी तपासायच्या.

विजेचं गणित

ऊर्जा = शक्ती × वेळ. रोजचा खर्च पाहू. फ्रीज ४५ वॉटचा, दिवसभरात मिळून १० तास चालला तर ४५० वॉट-तास. दिवे ४०, पंखा १००, फोन ३०. एकूण ६२०.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची असेल तर १२.८ × १०० = १२८० वॉट-तास. म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतील. १६० वॉटचं पॅनल पाच तासांच्या चांगल्या उन्हात ८०० वॉट-तास देईल असं कागदावर दिसतं. धूळ, उष्णता, तिरपं ऊन धरता ५६० हाती येतात. रोज ६० कमी पडले. ते गाडी चालू असताना इंजिनच्या अल्टरनेटरवरून भरून घ्यायचे.

दोन गोष्टी विसरू नका. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की आग. आणि ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, ती कायमची खराब होते. वाळवंटात रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून ती खोलीच्या आत ठेवतात.

गॅस : इथे चुकीला माफी नाही

प्रोपेनचा रेणूभार ४४, हवेचा सरासरी २९. म्हणजे प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर आतून बंद आणि तळाशी बाहेर भोक असलेल्या कप्प्यात ठेवतात, आणि गळती ओळखणारा अलार्म जमिनीजवळ लावतात. घरातल्या सिलिंडरचा वास आला तर दारं-खिडक्या उघडायच्या, बटणाला हात लावायचा नाही, हा नियमही याच कारणाने.

थंडीत ब्युटेन चालत नाही. तो उणे ०.५ अंशाच्या आसपास उकळतो, त्याखाली द्रवच राहतो आणि शेगडी पेटत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश, म्हणून तोच नेतात.

सर्वात मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. रंग नाही, वास नाही. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही. हा वायू हवेइतकाच हलका असल्याने त्याचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावतात. ऊब हवी असेल तर धूर बाहेर सोडणारा हीटर लागतो, आणि झोपताना छताची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. श्वासातली वाफही तिथूनच बाहेर जाते, नाहीतर सकाळी कापडाच्या भिंती आतून ओल्या.

हे दोन अलार्म मिळून अर्धा किलोही भरत नाहीत. वजन कमी करायचं म्हणून यादीवर काट मारताना त्यांना हात लावायचा नाही. खुर्ची काढा, दुसरी कढई काढा, जादा जोड काढा.

थोडक्यात

मित्रांनो, चांगलं घर भरणं म्हणजे काय घ्यायचं यापेक्षा काय मागे ठेवायचं हे ठरवणं. आणि ते मनाने नाही, आकड्याने ठरवायचं.

स्वाध्याय

१. वरच्या सहलीत तिसरा ६० किलोचा मित्र आला तर त्याच्यासाठी पाणी किती वाढेल? एकूण वजन पेलोडमध्ये बसेल का?

२. पॅनलवर ढग आले आणि रोज फक्त २०० वॉट-तास मिळाले, गाडीही उभीच राहिली, तर भरलेली बॅटरी साधारण किती दिवस पुरेल?

३. तुमच्या दप्तराचं वजन करा. त्यातलं आज न लागलेलं किती किलो होतं, ते वहीत लिहा.