कबरी न उकरणारा कबरबिज्जू

जबलपूरच्या गोरखपूर भागात, जिथे जुनी कौलारू घरं आणि आंब्या-जांभळाची झाडं अजून टिकून आहेत, तिथे रात्री माळ्यावर धावपळ ऐकू आली की ‘कबरबिज्जू’ हे नाव निघतं आणि त्यामागोमाग काठ्याही निघतात. मराठी मुलखात हाच प्राणी उदमांजर किंवा कांडेचोर. तो मढी उकरून खातो, ही समजूत त्याच्या जिवावर उठली आहे.

त्याची नखं पाहिली तरी ही समजूत खोटी ठरते. ती आखूड आणि वळलेली असतात, झाडावर चढण्यासाठी. अन्न म्हणजे आंबा, जांभूळ, उंबर, शिवाय उंदीर आणि किडे. गच्चीवर त्याची बियांनी भरलेली विष्ठा सापडते, त्यातून झाडंही रुजतात.

चेहऱ्यावरच्या काळ्या पट्ट्यांमुळे अनेकांना तो परदेशी चित्रपटांतला रॅकून वाटतो. रॅकून अमेरिकेतला, वेगळ्या कुळातला. भारताच्या जंगलात तो नाही. त्याच्याबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे: तोंडात लाळग्रंथी नसतात म्हणून तो अन्न पाण्यात बुडवतो. लाळग्रंथी त्याला असतात; अन्न बुडवण्याचं कारण वेगळं आहे. त्याच्या पुढच्या पंजांची स्पर्शशक्ती विलक्षण आहे. पंजे ओले झाले की ती आणखी तीव्र होते.

रॅकूनचं जग पंजांतून उलगडतं, तर उदमांजराचं नाकातून. नर-मादी दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात. दिसायला त्या अंडकोशासारख्या, त्यामुळे पूर्वीच्या अभ्यासकांना प्रत्येक उदमांजर उभयलिंगी वाटलं. 1777 साली पालास या प्राणिशास्त्रज्ञाने दिलेल्या शास्त्रीय नावात ती चूक आजही आहे. या ग्रंथी फांदीवर घासून उदमांजर आपला वास मागे ठेवतं. तो वास हुंगून दुसऱ्या उदमांजराला कळतं, की इथून गेलेला नर होता की मादी, ओळखीचा होता की परका. काळोखात वावरणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या प्राण्याला याहून उपयोगी निरोप कोणता?

त्याच्याच कुळातल्या जवादी मांजराच्या ग्रंथींतला सुगंधी द्रव माणसाने अत्तरांसाठी शतकानुशतकं वापरला. ज्याच्या वासाला इतकी किंमत, त्याच्या भाऊबंदाला मसणवटीशी जोडून मारावं, याचं मला फार वाईट वाटतं.

माळ्यावर उदमांजर असेल तर हात लावू नका. घाबरलं की ते चावतं. वनविभागाला कळवा. फट बुजवायची ती ते रात्री बाहेर पडल्यावर, आणि आत पिल्लं नाहीत याची खात्री करूनच.