पहिल्या चाचणीतून निसटणारी ३३ बाळे

दोन वर्षांच्या आतल्या १,००० बाळांची विकासाची चाळणी चाचणी झाली, आणि त्यांतल्या १०० जणांचा विकास खरोखरच मागे पडला आहे, असे धरू. हे शंभर अंदाजाने घेतले असले तरी वास्तवापासून दूर नाहीत. कांगडा, पलवल, धेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद इथल्या ३,९६४ मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २ ते ६ वर्षांच्या ९.२ टक्के मुलांमध्ये श्रवणदोष, दृष्टिदोष, अपस्मार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशांपैकी किमान एक अडचण आढळली. ६ ते ९ वर्षांच्या गटात हे प्रमाण १३.६ टक्के होते.

आता चाचणी. केरळात डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेला 'त्रिवेंद्रम' तक्ता फार सोपा आहे. त्यात मान धरण्यासारखे १७ टप्पे आहेत. बाळाच्या वयावर उभी पट्टी ठेवायची. पट्टीच्या डावीकडचे एखादे काम बाळाला जमत नसेल तर पुढच्या तपासणीला पाठवायचे. काही मिनिटांचे काम. डेन्व्हर विकास चाचणीशी ताडून पाहिल्यावर या तक्त्याने मागे पडलेल्यांपैकी ६६.७ टक्के बाळे ओळखली, आणि ठीक असलेल्यांपैकी ७८.८ टक्के बाळांना ठीक म्हटले.

हे आपल्या हजारांना लावू. शंभरांपैकी ६७ सापडतात, ३३ निसटतात. उरलेल्या ९०० पैकी सुमारे १९१ बाळांवर विनाकारण खूण होते. म्हणजे पुढे पाठवलेल्या २५८ बाळांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश बाळे ठणठणीत असतात. 'पुढे दाखवा' एवढे ऐकताच आईबापांच्या पायाखालची वाळू सरकते. त्यांना हे प्रमाण त्याच वेळी सांगायलाच हवे. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी टप्पे मोजताना ते सुमारे चार महिन्यांचे धरतात, हेही.

मला जास्त काळजी त्या ३३ जणांची वाटते. त्यांच्या घरी 'सगळे ठीक आहे' हा निरोप गेला आहे. काही महिन्यांनी पुन्हा चाचणी केली आणि तिनेही दोन तृतीयांश ओळखली असे मानले, तर आणखी २२ सापडतील. प्रत्यक्षात एकदा हुकलेले बाळ पुन्हा हुकण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आकडा थोडा कमीच येईल. तरीही फरक मोठा आहे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, म्हणजे दुसरी संधी मिळते. पण एक फेरी चुकली की सहा महिने जातात, आणि मेंदू सर्वांत वेगाने घडण्याच्या काळातले सहा महिने फार मोठे असतात. अहवालात 'किती तपासली' हा आकडा ठळक असतो. मला त्याच्या शेजारी दुसरा हवा: खूण झालेल्यांपैकी किती बाळे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोहोचली आणि किती जणांचे उपचार टिकले. बसभाडे आणि बुडणारी मजुरी यांत अडकून घरीच राहिलेले बाळ तपासलेल्यांत मोजले जाते, पण त्याच्या हाती काहीच लागत नाही.

आणि आईला शंका असेल, तर चाचणीत पास झालेल्या बाळालाही परत पाहावे. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. बोलणे लांबले असेल तर आधी कान तपासावेत. ऐकणे तपासणारी बेरा चाचणी बाळ झोपलेले असतानाही होते.